घरातले संगणक एकमेकांना दिसत नाहीत तेव्हा



खाली दुकान आणि वर घर ही आपल्या अनेक कुटुंबांची जुनी रीत. पूर्वी दिवसाची रोजमेळाची वही रात्री दिवाणजींच्या हातून वर येई आणि सकाळी पुन्हा खाली जाई. आता वहीची जागा संगणकाने घेतली आहे. दुकानात बिले करणारा एक संगणक, घरी हिशेब पाहणारा दुसरा, आणि या दोघांना जोडणारी भिंतीवरची छोटीशी पेटी, म्हणजे राउटर. ही व्यवस्था चालते तोवर तिची आठवणही कोणाला होत नाही. बिघडते तेव्हा मात्र बिघाड केवळ यंत्रापुरता राहत नाही. याचा अनुभव मला अलीकडेच आमच्या नात्यातील एका घरी आला.

सांगलीतील हे कुटुंब. दोघे बंधू, किराणा-भुसार मालाचे वडिलार्जित दुकान. थोरले अण्णा गादीवर बसतात. धाकटे बंधू खरेदीसाठी बाहेर असतात, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वाणिज्य शाखेच्या पदवीधर असल्याने दुकानाचे सारे हिशेब रात्री वरच्या मजल्यावर बसून पाहतात. दुकानातील संगणकावरचे हिशेबाचे फोल्डर कित्येक वर्षे वर सहज उघडत असे. चार महिन्यांपूर्वी घरात फायबरचे इंटरनेट आले आणि त्याच दिवसापासून ते फोल्डर उघडेनासे झाले.

तात्पुरता उपाय म्हणून पेनड्राइव्ह सुरू झाला. दुकानातून प्रत वर न्यायची, वहिनींनी नोंदी करायच्या, सकाळी ती खाली आणायची. कधी आणायची राहून जाई. पाहता पाहता एका दुकानाच्या दोन खतावण्या झाल्या. एका जुन्या गिऱ्हाइकाने चुकते केलेले ४८,००० रुपये वरच्या प्रतीत जमा होते, खालच्या प्रतीत नव्हते. अण्णांनी त्याला पुन्हा तगादा लावला. तो बिचारा पावती घेऊन दुकानात आला आणि काही न बोलता ती गादीवर ठेवून गेला. बाजारात पत कशी जाते, हे आपणा व्यापाऱ्यांना सांगायला नको.

त्याहून मोठी गोष्ट कोणी बोलून दाखवत नव्हते. घरातील लेसर प्रिंटरवर अण्णांना खालून खातेउतारे छापता येत होते, परंतु वरून दुकानाचे फोल्डर उघडत नव्हते. धाकट्यांच्या मनात आले, ‘त्यांना आमचे दिसते, आम्हाला त्यांचे का दिसू नये?’ आणि एकदा अशी शंका मनात शिरली, की प्रत्येक लहान गोष्ट तिला पुरावा वाटू लागते. मी गेलो त्या रात्री १९ तारीख होती. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची मुदत संपणार होती, आणि चहाच्या वेळी धाकट्यांनी मला हळूच विचारले, “दोघांचे हिशेब कायमचे वेगळे केले तर बरे पडेल का?”

मी म्हटले, “आधी संगणक पाहू.”

‘इंटरनेट चालते’ याचा अर्थ काय?

अशा वेळी जवळजवळ प्रत्येक घरी एकच वाक्य ऐकू येते. “दोन्हीकडे इंटरनेट चालते, म्हणजे नेटवर्क ठीकच आहे.” हा तर्क सदोष आहे. दोन भाऊ रोज मुंबईशी बोलतात, म्हणून ते एकमेकांशीही बोलतात असे होत नाही. इंटरनेट चालते याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक संगणकाला घराबाहेर जाण्याचा रस्ता आहे. घरातल्या घरात एका संगणकाने दुसऱ्यापर्यंत पोहोचणे ही स्वतंत्र गोष्ट आहे.

‘संगणक दिसत नाही’ या एका तक्रारीत खरे तर चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आहेत का? असल्यास, एकाची हाक दुसऱ्यापर्यंत पोहोचते का? पोहोचत असल्यास, दुसऱ्याने दार उघडे ठेवले आहे का? आणि दार उघडे असल्यास, येणाऱ्याची ओळख त्याला पटते का? हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असताना चौथ्यावर रात्र घालवणे म्हणजे पाया खचलेल्या घराची कौले शाकारणे होय. पुढील विवेचन घरोघरी आढळणाऱ्या विंडोज संगणकांविषयी आहे.

पहिली पायरी : नेटवर्क एकच आहे का?

सर्वप्रथम दुसरा संगणक जागा आहे ना, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. काही मिनिटे काम नसले की संगणक आपोआप निद्रावस्थेत जातो आणि मग तो कोणालाच सापडत नाही. ज्या संगणकावर सामाईक फोल्डर आहे, त्याची ही आपोआप झोपण्याची सोय बंद ठेवावी. पडदा काळा झाला तर हरकत नाही.

मग दोन्ही संगणकांचे पत्ते पाहावेत. प्रारंभ-यादीत ‘सीएमडी’ ही तीन इंग्रजी अक्षरे लिहून काळी खिडकी उघडावी आणि तीत ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत, एकत्र, टंकित करून एंटर दाबावे. समोर येणाऱ्या मजकुरातील दोन ओळी कागदावर उतरवून घ्याव्यात : ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ म्हणजे त्या संगणकाचा पत्ता, आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणजे तो ज्या राउटरच्या दारातून बाहेर पडतो त्याचा पत्ता. दोन्ही संगणकांवर गेटवे एकच असावा. सामान्य घरगुती मांडणीत पत्त्याचे पहिले तीन आकडेही सारखेच असतात, शेवटचा तेवढा वेगळा. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.९ हे शेजारी होत.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. त्याने नाइलाजाने स्वतःच एक पत्ता घेतला आहे. अशा वेळी केबल सैल आहे का, वायफाय तुटले आहे का, हे पाहून राउटर व संगणक बंद करून पुन्हा सुरू करावेत. एखादा संगणक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ‘गेस्ट’ वायफायला जोडला गेला असेल, तरीही संगणक एकमेकांना दिसत नाहीत. पाहुण्यांना इंटरनेट मिळावे, पण घरातील संगणकांपर्यंत जाता येऊ नये, यासाठीच ती सोय असते.

आमच्या सांगलीच्या घरी वरच्या संगणकाचा गेटवे होता १९२.१६८.१.१ आणि दुकानातील संगणकाचा १९२.१६८.०.१. दोष तिथेच उघड झाला. फायबरबरोबर आलेला नवा राउटर वर बसवला होता आणि त्यातून एक केबल खाली आणून ती दुकानातील जुन्या राउटरच्या ‘वॅन’ असे लिहिलेल्या छिद्रात खोचली होती. त्यामुळे दुकानाचे एक वेगळेच नेटवर्क तयार झाले. जुना राउटर आपल्या पलीकडील घराला ‘बाहेरचे जग’ समजू लागला. राउटरचा स्वभाव असा, की आतल्या संगणकाला तो बाहेर जाऊ देतो, पण बाहेरून आपणहून आलेल्याला आत घेत नाही. म्हणून दुकानातून वरचा प्रिंटर मिळत होता, कारण जोडणी करणाऱ्याने तो त्याच्या पत्त्यानिशी बसवून दिला होता. आणि वरून मात्र दुकान मिळत नव्हते. ज्या गोष्टीने चार महिने मनात घर केले होते, तिचे मूळ एका चुकीच्या छिद्रात खोचलेल्या केबलीत होते.

यावर उपाय असा. अनेक राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट’ नावाची पद्धत असते. दुसरा राउटर त्या पद्धतीवर ठेवला की तो स्वतःचे नेटवर्क न थाटता मुख्य राउटरचाच हात होतो. ती सोय नसेल, तर जुन्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आधी त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेतील, पण मुख्य राउटर इतरांना वाटत नसलेला असा द्यावा, पत्ते वाटण्याचे त्याचे ‘डीएचसीपी’ हे काम बंद करावे, आणि त्यानंतर केबल ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’च्या छिद्रात घालावी. हा क्रम मोडू नये. नाहीतर एकाच घरात दोघे पत्ते वाटू लागतात आणि गोंधळ वाढतो. ज्यांना हे कठीण वाटेल, त्यांनी जाणकाराला बोलवावे, परंतु काय करून हवे हे त्याला नेमके सांगावे.

दुसरी पायरी : हाक पोहोचते का?

गेटवे एकच झाला, की हाक मारून पाहावी. त्याच काळ्या खिडकीत ‘पिंग’ हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, आधी राउटरचा पत्ता आणि मग दुसऱ्या संगणकाचा पत्ता द्यावा. हा छोटा प्रोग्राम १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने लिहिला. पाणबुडीतील यंत्र ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर ताडते, त्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले. राउटरने उत्तर दिले नाही, तर दोष जोडणीत आहे. पहिल्या पायरीकडे परतावे. राउटरने दिले आणि संगणकाने दिले नाही, तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या संगणकाची फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी, अशा हाकेला मुद्दामच उत्तर देऊ देत नसेल.

तिसरी पायरी : दार उघडे आहे का?

विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असे दोनपैकी एक लेबल लावते. रेल्वे स्थानकावरील वायफाय पब्लिक, घरचे प्रायव्हेट. पब्लिक लेबल असेल तर संगणक स्वतःला इतरांपासून लपवतो. गंमत अशी, की राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवेच नेटवर्क ठरते आणि बहुधा त्याला पब्लिक लेबल लागते. म्हणून ‘नवे इंटरनेट आल्यापासून’ ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे. सांगलीतही केबल योग्य जागी बसवल्यावर दुकानातील संगणकावर हेच घडले होते.

सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून आपल्या जोडणीचे, वायफाय असो वा इथरनेट, गुणधर्म पाहावेत आणि तेथे ‘प्रायव्हेट’ निवडावे. मग ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये जाऊन प्रायव्हेट नेटवर्कसाठी ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही सुरू करावीत. हे दोन्ही संगणकांवर करावे. विकत घेतलेल्या काही अँटिव्हायरस सॉफ्टवेअरांत स्वतःचा वेगळा पहारेकरी असतो. त्यालाही हे नेटवर्क घरचे आहे, हे सांगावे लागते.

एवढे करूनही ‘नेटवर्क’च्या यादीत दुसऱ्या संगणकाचे नाव आले नाही, तर निराश होऊ नये. यादीत नाव दिसणे आणि फोल्डर उघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून ‘आर’ दाबावे. येणाऱ्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्यांना लागून दुसऱ्या संगणकाचा पत्ता लिहावा आणि एंटर दाबावे. सामाईक फोल्डर समोर आले, तर मार्ग मोकळा आहे. दोष केवळ नावाच्या यादीचा आहे. मग त्या फोल्डराला ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने कायमचे जोडून घ्यावे, आणि राउटरच्या सेटिंग्जमध्ये दुकानातील संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवावा, म्हणजे तो उद्या बदलणार नाही.

चौथी पायरी : ओळख पटते का?

आता दारापर्यंत पोहोचलो, पण नाव आणि पासवर्ड विचारला जातो आणि काहीही लिहिले तरी नकार मिळतो. येथे तीन गैरसमज आढळतात. पहिला, आपण रोज संगणक उघडताना चार आकडी पिन देतो, तोच येथे चालेल. चालत नाही, पिन केवळ त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. दुसरा, पासवर्डच ठेवला नाही म्हणजे प्रश्नच मिटला. उलट, रिकाम्या पासवर्डाच्या खात्याने नेटवर्कवरून येऊ पाहणाऱ्याला विंडोज आतच घेत नाही. तिसरा, आपल्या संगणकाचे नाव-पासवर्ड येथे द्यायचे. द्यायचे ते ज्या संगणकावर फोल्डर आहे त्याचे.

सर्वांत स्वच्छ मार्ग हा, की दुकानातील संगणकावर ‘हिशेब’ अशा नावाचे एक स्वतंत्र साधे खाते काढावे, त्याला चांगला पासवर्ड द्यावा आणि फक्त हिशेबाचे फोल्डर त्या खात्याला खुले करावे. पूर्वी जपून ठेवलेला जुना पासवर्ड आड येत असेल, तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून तो पुसून टाकावा.

जे करू नये ते

सांगलीला मी जाण्यापूर्वी एकाने दूरध्वनीवरून सल्ला दिला होता, “फायरवॉल बंद करून टाका.” दुसरा म्हणाला होता, “दुकानातला संगणक फॉरमॅट करू, सगळे नीट होईल.” दोन्ही सल्ले मानले गेले नाहीत, हे त्या घराचे सुदैव. फॉरमॅटने केबल आपल्या योग्य छिद्रात गेली नसती. हिशेब मात्र गेले असते. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, हे विसरता येत नाही.

तिसरा एक धोक्याचा सल्ला जुन्या संगणकांच्या संदर्भात मिळतो. दुकानात अजून विंडोज एक्सपीचा संगणक असेल, तर नवा संगणक त्याच्याशी बोलत नाही. कारण एक्सपीला फाइलींच्या देवाणघेवाणीची ‘एसएमबी १’ ही जुनी बोलीच तेवढी येते, आणि ती नव्या विंडोजमध्ये २०१७च्या अखेरीपासून मुळातच बसवलेली नसते. ती पुन्हा सुरू करता येते, पण करू नये. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामाने याच बोलीतील दोषाचा फायदा घेऊन जगभरचे संगणक कुलूपबंद केले होते. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयेही त्यातून सुटली नाहीत. एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४मध्ये आणि विंडोज ७ची जानेवारी २०२०मध्ये थांबली आहे. असा संगणक हिशेबाच्या कामातून निवृत्त करणेच श्रेयस्कर.

आणि संपूर्ण ‘सी’ ड्राइव्ह सर्वांना खुला करू नये. नेटवर्कवरून लिहिता येणारे प्रत्येक फोल्डर खंडणीखोर प्रोग्रामालाही लिहिता येते. म्हणून हिशेबाची एक प्रत अशा बाहेरच्या डिस्कवर असावी, जी प्रत घेऊन झाल्यावर काढून कपाटात ठेवली जाते.

त्या रात्रीचा शेवट

सांगलीत या सर्वाला सुमारे तासभर लागला. वरच्या संगणकावर दुकानाचे फोल्डर उघडले, तेव्हा साडेदहा वाजले होते. वहिनींनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून फरकाच्या नोंदी जुळवायला घेतल्या. अण्णा दुकान बंद करून वर आले आणि खुर्चीच्या मागे उभे राहून पाहू लागले. काही वेळाने ते म्हणाले, “मला वाटत होते, तुम्हीच खालचे पाहणे सोडले. पेनड्राइव्ह मागता, पण दुकानात काय चालले आहे ते कोणी विचारीत नाही.”

धाकट्यांनी काही उत्तर दिले नाही. त्यांनी अण्णांसाठी दुसरी खुर्ची ओढली. विवरणपत्र दुसऱ्या दिवशी दुपारी वेळेत भरले गेले आणि संध्याकाळी दोघे बंधू मिळून त्या जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आले. हिशेब वेगळे करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आपल्या घरी असा प्रसंग आला, तर वरील चार पायऱ्यांचा कागद राउटरजवळ चिकटवून ठेवा. त्याच कागदावर राउटरचा पत्ता, दुकानातील संगणकाला राखून ठेवलेला पत्ता आणि कोणती केबल कोणत्या छिद्रात आहे, हेही लिहा. नवी जोडणी करणारा माणूस येईल तेव्हा तो कागद त्याच्या हाती द्या. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका. आणि फोल्डर उघडले नाही, तर पेनड्राइव्ह शोधण्याआधी जिना उतरून दुकानात विचारून या.

पुढील अंकात हिशेबाची रोजची प्रत आपोआप कशी घेता येईल, ते पाहू.